मुंबई पाहावयाची ती कोणत्या वाटेने?



भात झोडून झाले, खळी रिकामी झाली, सकाळी शेकोटीशी हात धरावेसे वाटू लागले, की खेड्यातल्या शाळेत एक प्रश्न हमखास निघतो. यंदा सहल कुठे न्यायची? गुरुजी म्हणतात, शिवनेरीला जाऊ. बाई म्हणतात, वेरूळ बघून येऊ. आणि पोरे एका सुरात म्हणतात, मुंबई! पोरांचेच खरे होते, हा माझा पस्तीस वर्षांच्या शिक्षकीचा अनुभव आहे.

आमचा मुलूख इगतपुरीकडचा. मुंबई तशी जवळ, घाट उतरले की आलीच. माझी पहिली सहल मी एका दिवसाची नेली होती. पहाटे उतरलो, रात्री परत निघालो, आणि मधल्या वेळात बारा ठिकाणे पाहिली. पाहिली म्हणजे काय, गाडीतून उतरलो, माणसे मोजली, पुन्हा गाडीत बसलो. परत आल्यावर निबंध लिहावयास दिला. एका मुलाने चारच वाक्ये लिहिली होती. मुंबईत फार गर्दी असते. आम्ही भेळ खाल्ली. मोठी घरे श्रीमंत लोकांची आहेत. गुरुजी सारखे चला चला म्हणत होते.

हसू आले, पण पुढे पालकसभेत त्या मुलाच्या आजोबांची गाठ पडली तेव्हा हसू मावळले. म्हाताऱ्याने परळच्या एका गिरणीत सव्वीस वर्षे काढली होती. ज्या चाळीत ते बारा-पंधरा माणसांबरोबर एका खोलीत राहिले, त्या चाळीवरून आमची गाडी गेली होती. नातू तेव्हा खिडकीला डोके टेकून झोपला होता, आणि मीही त्याला उठवले नव्हते. उठवणार कसा? मलाच ते ठाऊक नव्हते.

तेव्हापासून सहल आखताना मी आधी इतिहास उघडतो आणि मग वेळापत्रक. मुंबईची मोठी घरे कोणाची आहेत, हा प्रश्न त्या मुलाने चुकीचा सोडवला होता. त्याचे खरे उत्तर मुलांना तीन दिवसांत पायी हिंडवून कसे दाखविता येईल, तेवढेच मी आज सांगणार आहे.

मुंबईस जावयाचे ते थंडीतच. पावसाळ्यात घारापुरीच्या बोटी बऱ्याचदा बंद ठेवाव्या लागतात आणि चैत्र-वैशाखात घामाने मुले हैराण होतात. मात्र नाताळचा शेवटचा आठवडा टाळावा. त्या दिवसांत अपोलो बंदरावर पाय ठेवावयास जागा नसते. डिसेंबरचा मध्य किंवा संक्रांतीच्या आधीचा आठवडा उत्तम. वारही नीट निवडावेत. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, राणीचा बाग बुधवारी बंद असतो. कोट भागात रविवारी कचेऱ्यांची गर्दी नसते, मुलांना रस्त्याच्या कडेला उभे करून इमारतींकडे वर मान करून बघता येते. म्हणून माझी वाट ठरलेली आहे: शनिवारी बेट, रविवारी कोट, सोमवारी गिरणगाव. गंमत अशी, की सोयीसाठी लावलेला हा क्रम इतिहासाच्या क्रमाशीही जुळतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी वर्गात फळ्यावर एक नकाशा काढावा. आजचा नको, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. त्यात सात बेटे दाखवावीत: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. मध्ये खाऱ्या पाण्याची दलदल, कडेने कोळीवाडे, थोडी भातशेती, मिठागरे आणि ताडामाडांची झाडे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईबरोबर ही बेटे पोर्तुगीजांना दिली. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचे इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरले, तेव्हा ती आंदणात गेली. प्रत्यक्ष ताबा मिळावयास १६६५ उजाडले. पुढे राजालाही ही खारी बेटे सांभाळणे नकोसे झाले आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. हा दहा पौंडांचा आकडा मुले कधीच विसरत नाहीत.

आणखी एक खेळ करावा. मुंबईतल्या स्थानकांची आणि वस्त्यांची नावे मुलांकडून म्हणून घ्यावीत. शीव म्हणजे काय, हे खेड्यातल्या पोराला सांगावे लागत नाही. गावाची शीव असते, तशी ती बेटाची शीव. खेतवाडीत शेते होती. वडाळा, चिंचपोकळी, फणसवाडी, ही नावे झाडांची. उमरखाडीत खाडी होती. पायधुनीपाशी भरतीचे पाणी येई आणि माणसे तेथे पाय धुऊन पुढे जात. शहराच्या पोराला ही नुसती नावे असतात. आपल्या पोराला त्यांत गाव दिसते. बुजरी मुले निम्मी इथेच मोकळी होतात.

ही बेटे जोडली कशी? समुद्र बुजवून. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये एक मोठे खिंडार होते, त्यातून भरतीचे पाणी आत शिरून मधला सारा सखल भाग बुडवी. गव्हर्नर हॉर्नबी याच्या कारकिर्दीत, १७८४ च्या सुमारास, तेथे बांध घालून ते खिंडार बुजविले गेले. या बांधाची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. बांध पुनःपुन्हा ढासळे, तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू स्थापत्यकाराला स्वप्नात देवीने दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती वर काढल्या, देऊळ बांधले आणि मग बांध टिकला. आख्यायिका ती आख्यायिका, पण तिने एका देशी माणसाचे नाव तरी जपले. दगड-माती वाहणाऱ्या हातांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. महालक्ष्मीच्या दर्शनाला सगळ्याच सहली जातात. दर्शन झाल्यावर मुलांना समुद्राच्या बाजूला उभे करून एवढेच सांगावे, की तो बांध पडला नसता तर आपल्या पाठीमागचे निम्मे शहर आज भरतीच्या पाण्यात असते.

माहीमचा पूल मात्र एका बाईच्या पैशाने झाला. वांद्र्याहून माहीमला होडीनेच यावे लागे, होड्या उलटत, माणसे बुडत. सर जमशेटजी जिजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याकडून पथकर घ्यावयाचा नाही, अशी त्यांची अट होती.

आता शनिवारची सकाळ. अपोलो बंदरावर जावे, पण गेटवेपाशी फार वेळ घालवू नये. १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहा येथे उतरला, त्याची ही आठवण. पण तो उतरला तेव्हा ही कमान मुळी नव्हतीच! शोभेसाठी तात्पुरता मंडप उभारला होता. पायाचा दगड १९१३ मध्ये बसला आणि बांधकाम १९२४ मध्ये पुरे झाले. स्वागताची कमान म्हणून ती उभारली आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण तिच्याखालूनच बोटीत चढून निघून गेली. समोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे, तो १९६१ सालच्या प्रजासत्ताक दिनी बसला. एवढे सांगून मुलांना बोटीत बसवावे.

बोट तासाभरात घारापुरीला पोचते. पायऱ्या शंभराच्या वर आहेत आणि माकडे फार. शिदोऱ्या पिशवीत घट्ट बांधून ठेवाव्यात, नाहीतर इतिहास बाजूला राहतो आणि माकडांच्या मागे धावावे लागते. सहाव्या शतकाच्या मध्यास, कलचुरी राजांच्या काळी, हे लेणे कोरले गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात. आतली सदाशिवाची मूर्ती सुमारे सहा मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कौलारू शाळेपेक्षाही उंच. तिच्यापुढे मुले आपोआप गप्प होतात, तेव्हा गुरुजींनीही गप्प राहावे. माहिती बाहेर आल्यावर सांगता येते. कितीतरी मूर्तींचे हातपाय तुटलेले दिसतील. मुले विचारतील, कोणी तोडले? पोर्तुगीज अमलात या लेण्यांची फार नासधूस झाली.

पोर्तुगीजांनी या बेटाचे नाव एलिफंटा ठेवले, कारण येथे किनाऱ्याजवळ दगडाचा एक मोठा हत्ती उभा होता. तो हत्ती कुठे आहे? बेटावर नाही. १८६४ च्या सुमारास त्याला विलायतेला नेण्याचा घाट घातला होता, पण उचलताना यारीच मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईस आणून पुढे १९१४ मध्ये जोडले गेले. तो हत्ती आज भायखळ्याला, राणीच्या बागेला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. म्हणून घारापुरीला मी मुलांना मुद्दाम सांगतो, ज्याच्यावरून या बेटाला नाव पडले तो तुम्हांला परवा भेटेल. सोमवारी भायखळ्याला पाऊल टाकताच चाळीस मुले हत्ती शोधावयास धावतात. जिवंत हत्तीसाठी मुले धावतातच. दगडाच्या हत्तीसाठी धावताना मी याच सहलीत पाहिली.

रविवारी कोट. नाव कोट, पण तट कुठे दिसत नाही. सेंट जॉर्ज इस्पितळाच्या आवारात जुन्या किल्ल्याचा एक तुकडा शिल्लक आहे, तेवढाच. बार्टल फ्रिअर हा गव्हर्नर असताना, १८६२ नंतरच्या दोन-तीन वर्षांत, तट पाडला गेला. आणि नेमका त्याच काळात मुंबईत पैशाचा पूर आला होता. हा पूर कोठून आला, हे शेतकऱ्याच्या मुलाला समजलेच पाहिजे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी आपल्याकडे तोंड वळविले. खानदेश, वऱ्हाड, गुजरात आणि दख्खनच्या काळ्या जमिनीतला कापूस मुंबईच्या बंदरातून जाऊ लागला आणि भाव कित्येक पटींनी चढले. १८६५ मध्ये युद्ध थांबले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. पण मधल्या चार वर्षांतल्या पैशाने शहराला नवे रूप दिले. राजाबाई टॉवर ज्या प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून झाला, ते कापसाच्याच धंद्यात वर चढले आणि त्याच्याच पडझडीत सापडले. टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव दिले. दोनशे ऐंशी फूट उंची मुले डोळ्यांनी मोजतात. मी तेथे त्यांना कपाशीचे एक बोंड दाखवितो. घरून निघतानाच खिशात घालून आणलेले असते.

मग बोरीबंदर. येथे एक चूक सगळेच करतात, शिक्षकसुद्धा. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, तिला चौदा डबे होते, तीन इंजिने होती, आत चारशेच्या आसपास पाहुणे होते, हे सर्व खरे. पण ती या भव्य इमारतीतून सुटली नाही. या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि १८८८ मध्ये संपले. स्थापत्यकार फ्रेडरिक स्टीव्हन्स. तिला आधी राणी व्हिक्टोरियाचे नाव होते, १९९६ मध्ये शिवछत्रपतींचे नाव मिळाले, आणि २००४ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. भिंतीवरचे मोर, माकडे, पाने, फुले आणि चेहरे नीट बघावेत. जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचा हात त्यांना लागलेला आहे. आपल्या मुलांना हे सांगितले की ती पाकळ्या न् पाकळ्या बघू लागतात. आणि ही आगगाडी येथे यावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत एक नाव जगन्नाथ शंकरशेट यांचे होते. त्यांचे मूळ गाव मुरबाड.

गाडी ठाण्याला पोचली, पण घाटावर चढावयास तिला आणखी दहा वर्षे लागली. बोरघाटाचा रस्ता १८६३ मध्ये आणि आमचा थळघाट १८६५ मध्ये खुला झाला. बोरघाटात एका वेळी चाळीस हजारांपर्यंत माणसे राबत होती. सुरुंग, दरडी, ताप आणि पटकी यांनी हजारो मेली. मुख्य ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हाही १८५९ मध्ये येथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या बायकोने, ॲलिसने, ठेका पुढे चालवून काम तडीस नेले. तिचे नाव राहिले. खांद्यावर दगड वाहणाऱ्या ज्या बाया तेथे मेल्या, त्यांची नावे राहिली नाहीत. सहलीची गाडी खंडाळ्याहून येवो की कसाऱ्याहून, पहिला बोगदा आला की मुले ओरडतात. ओरडू द्यावे. ओरडणे थांबले की हे सांगावे.

कोटातून पायी हुतात्मा चौकात यावे. कारंजे ज्या जागी आहे तेथेच पूर्वी तटाचा चर्चगेट दरवाजा होता. स्थानकाला जे नाव आहे ते या दरवाज्याचे, दरवाजा गेला आणि नाव उरले. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी निघालेल्या लोकांवर २१ नोव्हेंबर १९५५ रोजी येथे गोळीबार झाला. त्या चळवळीत शंभरांहून अधिक माणसे बळी पडली, आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. स्मारकावर दोन पुतळे आहेत, दोघांच्या हाती मिळून एक मशाल. ते दोघे कोण, हे मी सांगत नाही, मुलांना विचारतो. एक कामगार आहे हे चटकन कोणी ओळखत नाही. दुसरा शेतकरी आहे, हे मात्र सगळेच ओळखतात.

आता सोमवार. माझ्या मते या सहलीचा खरा दिवस हाच, आणि बहुतेक सहलींच्या यादीत तो नसतो.

सकाळी राणीचा बाग. हा बाग १८६२ चा. आता त्याला वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे, पण तोंडी जुनेच बसले आहे. शेजारचे संग्रहालय १८७२ मध्ये उघडले, आणि १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजींचे नाव मिळाले. ते उघडे आहे की नाही हे आधी विचारून घ्यावे, मात्र हत्ती अंगणातच आहे. सातव्या एडवर्डचा घोड्यावर बसलेला काळा पुतळाही येथेच आहे. ज्याच्यामुळे काळा घोडा हे नाव पडले तो हाच. १९६५ मध्ये त्याला चौकातून हलवून बागेत आणून ठेवले. बेटाचा हत्ती आणि चौकाचा घोडा, दोघेही आपापली गावे सोडून भायखळ्याला वस्तीला आले. मुंबईचीच रीत ती!

भायखळ्याहून चिंचपोकळी, लालबाग, परळ या बाजूला चालत जावे. यालाच गिरणगाव म्हणत. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला पहिली सूतगिरणी फिरू लागली. पुढे बांधाने कोरड्या पडलेल्या त्याच सखल भागात एकामागून एक गिरण्या उठल्या. त्यांना माणसे कोणी पुरविली? आपण. रत्नागिरीने पुरविली, साताऱ्याने पुरविली, कोल्हापूर, पुणे, नाशिक या जिल्ह्यांनी पुरविली. जमीन तुकड्या-तुकड्यांची, त्यात सावकार मानेवर, पाऊस बेभरवशाचा. म्हणून एक भाऊ शेतावर राही आणि दुसरा मुंबईच्या वाटेला लागे. मुकादमाची ओळख काढावयाची, बदली म्हणून उभे राहावयाचे, गावकऱ्यांच्या गाळ्यात वळकटी टाकावयाची. एक पाळी कामावर गेली की दुसरीने त्याच जागी अंग टाकावयाचे. महिन्याला मनीऑर्डर गावी जाई. आपल्या कितीतरी खेड्यांतली कौले, विहिरी आणि देवळांचे जीर्णोद्धार या मनीऑर्डरींतून झाले आहेत. शिक्षकांनी जाण्यापूर्वी वर्गात विचारावे, कोणाच्या घरचे माणूस गिरणीत होते? हात वर येतात. ज्याचे हात वर येतात, त्याला घरून चाळीचे नाव आणि गिरणीचे नाव विचारून आणावयास सांगावे. म्हातारी माणसे दोन्ही नावे अजून धडाधड सांगतात.

येथे नारायण मेघाजी लोखंडे यांची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाऊ नये. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. त्या काळी गिरणीत काम उजेडापासून अंधारापर्यंत चाले आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळला कामकऱ्यांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज झाला. मागण्या वाचल्या म्हणजे आज नवल वाटते, इतक्या त्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, आणि यंत्रात हातपाय गेला तर त्याची भरपाई. सहा वर्षे गेली. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामकऱ्यांची सभा भरली आणि तिच्यात दोन कामकरी बायांनी उभे राहून भाषणे केली. बायांनी दहा हजारांच्या सभेत बोलावयाचे, तेही १८९० मध्ये! १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

कोणी कोणी सांगतात की रविवारची सुट्टी साऱ्या देशाला त्या दिवशी मिळाली. तसे नव्हे. सरकारी कचेऱ्यांना रविवार आधीपासूनच होता. नव्हता तो राबणाऱ्या माणसाला. हा फरक मुलांना नीट सांगावा. काल ज्या रविवारी आपण कोटात मजेत हिंडलो, तो रविवार गिरणीतल्या माणसाला असा मागून घ्यावा लागला होता.

चाळींच्या गल्ल्यांतून चालताना खानावळींचीही आठवण द्यावी. ज्यांची बायकामुले गावी होती, ते कामगार बायांनी चालविलेल्या खानावळीत जेवत. या बायांना पेढीवाला कर्ज देईना आणि सावकार सोडीना. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, तिथल्या मुक्तिलढ्यातल्या. अण्णाभाऊ साठ्यांचेही नाव घ्यावे. वाटेगावाहून वडिलांबरोबर ते पायी चालत मुंबईला आले होते. आपल्या बोटीत, गाडीत बसून कंटाळलेल्या पोरांना हे सांगितले की थोडा वेळ तरी कुरकुर थांबते.

आणि मग १९८२. त्या वर्षी १८ जानेवारीला संप सुरू झाला. पुढारी डॉ. दत्ता सामंत, साठांवर गिरण्या, आणि जवळजवळ अडीच लाख कामगार. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. माणसे गावी परतली, काही पुन्हा गेली, बहुतेकांना काम मिळाले नाही, आणि एकेक गिरणी बंद पडत गेली. आमच्या पंचक्रोशीत त्या वर्षी मनीऑर्डरी थांबल्या, तेव्हा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत ते सगळ्यांत आधी दिसले. आज गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आणि मोठी दुकाने आहेत. एखादी चिमणी मध्येच उभी दिसते. ती मुलांना दाखवावी, कारण पुढच्या खेपेला ती तेथे असेलच असे नाही. एका वर्षी एका मुलीने आजोबांच्या गिरणीचे नाव लिहून आणले होते. आम्ही पत्ता विचारीत गेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने आत जाऊ दिले नाही. तो स्वतः परगावचा, नुकताच आलेला, त्याला गिरणी ठाऊक नव्हती. मुलगी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि तिने त्या मनोऱ्याचे मजले मोजले.

संध्याकाळी दादरच्या चौपाटीवर चैत्यभूमीला जावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी येथे अंत्यसंस्कार झाले. परळच्या चाळीत, याच गिरणगावात, ते कितीतरी वर्षे राहिले होते. दरवर्षी ६ डिसेंबरला खेड्यापाड्यांतून लाखो माणसे येथे येतात. खेड्यातून मुंबईला येणारी थंडीतली सर्वांत मोठी यात्रा हीच म्हणावी लागेल. भाकरी बांधून येतात, रांगेत उभी राहतात, आणि परत जाताना पुस्तके विकत घेऊन जातात. आपली सहल त्या आठवड्यात असली तर दादरला मुलांचे हात घट्ट धरावेत आणि पुस्तकांच्या मांडवांपुढे अर्धा तास तरी थांबावे.

राहिले परतीचे. आमची गाडी कसाऱ्याची. मुंबईत तीन दिवस मुलांनी नळाला तोंड लावून पाणी प्यालेले असते, ते कोठून आले हे गाडीत बसल्यावर विचारतो. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहराला मिळाले, मग तुळशी, मग १८९२ मध्ये तानसा. पुढे मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. बेटे सात होती, तलावही सात झाले. विहार आणि तुळशी सोडले तर बाकीचे पाणी ठाणे, पालघर आणि आमच्या नाशिक जिल्ह्याच्या डोंगरांतून येते, शंभर शंभर किलोमीटर, बहुतेक वाट स्वतःच्या उतारानेच. मुलुंडपासून धारावीपर्यंत वस्त्यांमधून जाणारे माणसाएवढे जाड नळ तानसाचे.

शहापूर तालुक्यात यातली मोठी धरणे आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. आमच्यातल्या एका मुलाची मावशी तिकडे दिलेली. आसनगाव गेले तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, मावशीकडं तर दोन हंड्यांसाठी रात्री नंबर लावत्यात."

डब्यात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एका मुलीने नकाशा मागितला. मी तो तिच्या मांडीवर पसरला आणि मुले वाकून तलाव शोधू लागली. खर्डी आली तरी शोधतच होती. मी माणसे मोजून घेतली. एकेचाळीस, सगळी होती.